पक्ष नव्हते तेव्हा सरकार कसं चालायचं? न्यू साउथ वेल्सच्या गटांची गोष्ट

१८७७ हे वर्ष सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारख्या पदावर, जॉन रॉबर्टसन होते. मार्चमध्ये त्यांची जागा हेन्री पार्क्स यांनी घेतली. ऑगस्टमध्ये पुन्हा रॉबर्टसन आले. डिसेंबरात सभागृहाने दोघांनाही बाजूला ठेवलं आणि जेम्स फार्नेल प्रीमियर झाले. एका वर्षात चार सरकारं. यात कुठलाही पक्ष हरला नाही आणि कुठलाही जिंकला नाही, कारण सिडनीच्या त्या विधानसभेत पक्षच नव्हते. होते ते गट, आणि प्रत्येक गटाला नाव होतं ते त्याच्या पुढाऱ्याचं.

हा काळ १८५६ ते साधारण १८८७ असा तीस वर्षांचा. त्याच्याबद्दल लिहिताना बरेच जण "गोंधळ" असा शिक्का मारून पुढे जातात. मला ते पटत नाही. याच तीस वर्षांत त्या वसाहतीत जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळालं, गुप्त मतदान आलं, जमिनीचा कायदा मुळापासून बदलला, सरकारी शाळांची व्यवस्था उभी राहिली आणि सिडनीतून निघालेली रेल्वे १८८१ मध्ये व्हिक्टोरियाच्या सीमेवर ऑल्बरीपर्यंत पोहोचली. नुसत्या गोंधळातून हे होत नाही. मग गटांचं हे यंत्र चालायचं कसं, आणि बंद का पडलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यू साउथ वेल्स ही ऑस्ट्रेलियातली ब्रिटिशांची सर्वांत जुनी वसाहत, १७८८ मध्ये कैद्यांना ठेवण्यासाठी वसवलेली. १८५१ मध्ये सोनं सापडलं, माणसांचा लोंढा आला, आणि १८५५ मध्ये लंडनने वसाहतीला स्वतःची राज्यघटना दिली. २२ मे १८५६ रोजी नवी संसद सिडनीत भरली. निवडून आलेली विधानसभा ५४ जणांची, तर विधान परिषद नेमलेल्यांची. गव्हर्नर लंडनहूनच येणार होता, पण मंत्रिमंडळ टिकणार की जाणार हे यापुढे विधानसभा ठरवणार होती.

याच काळात मुंबईत काय होतं, हे शेजारी ठेवून पाहावं. १८६१ च्या कायद्यानुसार १८६२ मध्ये मुंबईचं कायदे कौन्सिल बसलं. त्यात जगन्नाथ शंकरशेट होते, पण निवडून आलेले नव्हते, गव्हर्नरने नेमलेले होते. सरकार पाडणं तर दूरच, कारभाराबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्कसुद्धा त्या कौन्सिलला नव्हता. साम्राज्य एकच, राणी एकच, पण गोऱ्या वसाहतीला एक न्याय आणि आपल्याला दुसरा. आणि सिडनीतही तो न्याय सगळ्यांना नव्हता. ज्यांच्या जमिनींवर पुढे इतके वाद झडले, ते मूळ आदिवासी त्या सभागृहात कुठेच नव्हते. स्त्रियांना तिथे मत मिळायला १९०२ उजाडावं लागलं.

पहिल्याच परीक्षेत नव्या व्यवस्थेचा स्वभाव दिसला. पहिले प्रीमियर स्टुअर्ट डोनाल्डसन सुमारे ११ आठवडे टिकले. त्यांच्यानंतर चार्ल्स कूपर आले आणि पाचएक आठवड्यांत गेले. कूपर यांनी जेम्स मार्टिन यांना अ‍ॅटर्नी जनरल केलं होतं. मार्टिन तेव्हा सॉलिसिटर होते, बॅरिस्टर नव्हते, आणि अशा माणसाला सरकारचा सर्वोच्च कायदा अधिकारी कसं करता, यावरून एवढा गहजब झाला की त्यात सरकारच पडलं. एका नेमणुकीवरून सरकार पडू शकतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

आता गट म्हणजे नेमकं काय ते पाहू. निवडणुकीला उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक उमेदवार आपण अपक्ष असल्याचं अभिमानाने सांगायचा. "मी कोणाचा बांधील नाही, प्रत्येक प्रश्नावर माझ्या बुद्धीने मत देईन" असं म्हणणं हे सज्जनपणाचं लक्षण मानलं जाई. उलट, आधीच कोणाला शब्द देऊन बसलेला माणूस मतदारांना संशयास्पद वाटे. असे ५४, आणि १८५८ च्या कायद्यानंतर ८०, स्वतंत्र बाण्याचे सदस्य एका सभागृहात बसले की बहुमत आणायचं कुठून?

ते माणसामाणसांतून जोडावं लागे. कूपर, रॉबर्टसन, मार्टिन, पार्क्स या प्रत्येकाभोवती निष्ठावंतांचं एक छोटं कडं होतं. ही निष्ठा विचारांपेक्षा ओळखीची, मैत्रीची, जुन्या उपकारांची आणि एकत्र लढलेल्या निवडणुकांची. पार्क्स यांचे सुरुवातीचे साथी त्यांनी १८५० मध्ये काढलेल्या 'एम्पायर' या वृत्तपत्राभोवती जमलेले होते. या कड्याबाहेर काही सदस्य असत, ज्यांचा कल माहीत असे पण ज्यांच्यावर मोजणीच्या वेळी पूर्ण भरवसा ठेवता येत नसे. आणि त्यापलीकडे बरेच मोकळे सदस्य, जे नव्या सरकारला "काम करून दाखवायची संधी देऊ" म्हणत आणि काही महिन्यांनी हिशेब मागत.

पुढाऱ्याचं खरं कसब या मोकळ्या सदस्यांना धरून ठेवण्यात होतं. त्यासाठी त्याच्या हातात काय होतं, हे कळलं की सगळं कोडं सुटतं. न्यू साउथ वेल्सच्या बहुतांश ग्रामीण भागात १९०५-०६ पर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थाच नव्हती. आपल्याकडे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच नाहीत, आणि ओढ्यावरच्या साकवासाठीसुद्धा थेट मंत्रालय गाठावं लागतंय, अशी कल्पना करा. तिथे नेमकं तसंच होतं. रस्ता, पूल, धक्का, टपाल कार्यालय, पोलीस चौकी, न्यायालयाची इमारत, सगळं सिडनीतल्या मंत्र्याच्या सहीने होई. गावकऱ्यांचं शिष्टमंडळ घेऊन मंत्र्याच्या दालनात जाणं हे आमदाराचं मुख्य काम. अशा सदस्यांना तिकडे "रस्ते-पूलवाले" म्हणत, आणि त्यात थोडी तुच्छता असे. मला ती तुच्छता अन्यायाची वाटते. ज्या मतदारसंघातून सिडनीला पोहोचायला घोड्यावर किंवा टपालगाडीने दिवसच्या दिवस लागत, तिथल्या माणसाने आपल्या प्रतिनिधीकडून पूल मागितला तर त्यात हलकं काय?

या कामांसाठी पैसा येई तो सरकारी जमिनीच्या विक्रीतून. १८७० च्या दशकात या विक्रीचं उत्पन्न एवढं होतं की लोकांवर मोठे कर न लावता सरकारला खर्च करता येई. कोणाच्या खिशातून घ्यायचं यावर भांडण नव्हतं, म्हणून कोणाला द्यायचं यावर तडजोडी होऊ शकत. गटांच्या राजकारणाचं इंधन हेच होतं.

नेमणुका हे दुसरं हत्यार. सरकारी नोकऱ्या बऱ्याच अंशी मंत्र्यांच्या मर्जीवर होत्या. आणि विरोधकालाही जागा देता येई. १८६१ मध्ये कूपर सरकारने पार्क्स यांना इंग्लंडमध्ये स्थलांतराचा प्रचार करायला पाठवलं. काम खरंच होतं, पण एक धारदार जीभ समुद्रापार गेली हाही त्यातला फायदा. १८७० च्या शेवटी स्वतः कूपर वसाहतीचे एजंट जनरल, म्हणजे तिथले अधिकृत प्रतिनिधी, म्हणून लंडनला गेले आणि स्थानिक राजकारणातून कायमचे बाहेर पडले.

सरकार पाडण्याच्या रीतीही ठरलेल्या होत्या. उघड अविश्वास ठराव हा एक मार्ग. सभा तहकूब करण्याचा ठराव अचानक मांडून जिंकणं हा दुसरा, कारण कामकाज सरकारच्या हातातून गेलं असा त्याचा अर्थ होई. कामकाजाला अध्यक्षांखेरीज किमान २० सदस्य लागत, तेव्हा आपली माणसं बाहेर नेऊन गणसंख्या मोडणं हीसुद्धा नेहमीची चाल. सरकार पडलं की दरवेळी निवडणूक होत नसे. गव्हर्नर दुसऱ्या पुढाऱ्याला बोलावी आणि त्याच सभागृहातून नवं बहुमत जुळवलं जाई. आणखी एक अडथळा होता. मंत्री झालेल्या माणसाला विधानसभेची जागा सोडून पुन्हा निवडून यावं लागे. शपथ घेतल्यावर पहिली धाव आपल्या मतदारांकडे.

निवडणूकसुद्धा एका दिवशी होत नसे. वेगवेगळ्या मतदारसंघांत वेगवेगळ्या दिवशी, काही आठवडे चाले. त्यामुळे एखादा मोठा पुढारी शहरात हरला तर पुढच्या आठवड्यात दूरच्या मतदारसंघातून उभा राहू शके. १८८२ मध्ये प्रीमियर असलेले पार्क्स ईस्ट सिडनीत हरले आणि पार उत्तरेकडच्या टेंटरफील्डमधून निवडून आले.

या सगळ्यावरून वाटेल की मोठं धोरण राबवणं गटांना जमतच नसावं. १८६१ चा जमिनीचा कायदा त्याला उत्तर आहे, आणि तो प्रसंग मला या संपूर्ण काळातला सर्वांत बोलका वाटतो.

वसाहतीतली अफाट कुरणं तेव्हा मोजक्या मेंढपाळ जमीनदारांच्या ताब्यात होती. ते मालक नव्हते, भाडेपट्ट्यावर होते, पण व्यवहारात जमीन त्यांचीच. सोन्याच्या खाणी ओसरू लागल्या तशी हजारो माणसं जमीन मागू लागली. रॉबर्टसन यांचं म्हणणं साधं होतं: मोजणी होण्याची वाट न पाहता कोणालाही सरकारी जमिनीतला तुकडा निवडू द्या. ४० ते ३२० एकर, एकरी एक पौंड, चौथा हिस्सा आधी भरायचा, आणि तिथे राहून जमीन कसायची. १८६० मध्ये प्रीमियर असताना त्यांच्या विधेयकाचा कणा विधानसभेने मोडला. त्यांनी सभागृह विसर्जित केलं आणि वर्षाअखेरच्या निवडणुकीत त्यांच्या बाजूचे लोक भरभरून निवडून आले.

यानंतर रॉबर्टसन यांनी प्रीमियरपद कूपर यांच्याकडे दिलं आणि स्वतः जमीन खातं सांभाळलं. विधेयक विधान परिषदेत अडणार हे दिसत होतं, म्हणून विधानसभेची जागा सोडून ते परिषदेत गेले. तरी परिषद अडून बसली. तिची पाच वर्षांची मुदत संपायला काही दिवस उरले असताना, १० मे १८६१ रोजी, गव्हर्नर जॉन यंग यांच्याकडून सरकारने २१ नवे सदस्य नेमून घेतले. नवे सदस्य शपथ घ्यायला आले, तर परिषदेचे अध्यक्ष विल्यम बर्टन राजीनामा देऊन उठले आणि इतर काही सदस्यही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. अध्यक्षच नाही तर शपथ कोण देणार? डाव फसला. लंडनने गव्हर्नरची कानउघाडणी केली. पण मुदत संपल्यावर नवी परिषद नेमावीच लागली, आणि त्याच वर्षी जमिनीचे कायदे मंजूर झाले.

ते कायदे पुरते यशस्वी झाले असं मात्र नाही. जमीनदारांनी नोकरांच्या आणि नातलगांच्या नावावर बेनामी तुकडे घेतले, पाण्याकाठच्या जागा आधी पटकावल्या. आणि जी जमीन "कोणालाही" निवडायला खुली केली तिच्यावर आधीपासून कोण राहत होतं, हा प्रश्न कोणत्याच गटाला पडला नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. सगळ्या वसाहतीला पेटवणारा प्रश्न असला की गट त्याच्याभोवती एकवटत, जवळजवळ पक्षासारखे.

प्रश्न सुटला आणि ती एकजूट विरघळली. मताधिकार मिळाला होता, जमिनीचा कायदा झाला होता, जुने सनातनी हरले होते. १८६० नंतर निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण स्वतःला उदारमतवादीच म्हणवी. दिशेबद्दल मोठा मतभेद नव्हता, मग भांडण उरलं ते गाडी कोणी हाकायची याचं.

म्हणूनच पुढच्या युत्या आपल्याला चक्रावून टाकतात. मार्टिन आयातकर लावून स्थानिक धंद्यांना आधार द्यावा या मताचे, पार्क्स खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते. तरी १८६६ मध्ये दोघे एका मंत्रिमंडळात बसले, आणि त्याच वर्षी पार्क्स यांनी सरकारी शाळांना एका मंडळाखाली आणणारा कायदा केला. १८६८ मध्ये जकात खात्याचे प्रमुख डंकन यांच्यावरच्या कारवाईवरून पार्क्स बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात ते सरकार गेलं. डिसेंबर १८७० मध्ये मार्टिन यांनी हात मिळवला तो रॉबर्टसन यांच्याशी, ज्यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं वैर होतं. लोकांना हे फार खटकलं, आणि १८७२ मध्ये पार्क्स पहिल्यांदा प्रीमियर झाले.

पार्क्स यांचं ते सरकार पडलं एका दरोडेखोरावरून. फ्रँक गार्डिनर याला १८६४ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली होती. १८७४ मध्ये देश सोडून जाण्याच्या अटीवर त्याला सोडलं, आणि त्यावरून उठलेल्या वादळात पार्क्स आधी सभागृहात आणि निवडणुकीनंतर १८७५ च्या सुरुवातीला सत्तेवरून गेले.

त्यानंतर पार्क्स आणि रॉबर्टसन एकमेकांना पाडत राहिले, ते थेट १८७७ च्या चार सरकारांपर्यंत. दोघांकडेही स्वतःचं बहुमत नव्हतं, पण दुसऱ्याचं मोडण्याइतकं बळ होतं. दोघांना कंटाळलेल्या सदस्यांनी तिसरा गट केला आणि फार्नेल यांना पुढे केलं. ते वर्षभर टिकले. मग डिसेंबर १८७८ मध्ये पार्क्स आणि रॉबर्टसन चक्क एकत्र आले, आणि ते सरकार चार वर्षं चाललं. गटांच्या काळातलं सर्वांत स्थिर सरकार दोन सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या युतीचं होतं. १८८० चा शिक्षण कायदा, ज्याने चर्चच्या शाळांचं सरकारी अनुदान बंद केलं, याच सरकारचा.

सरकारं एवढी बदलूनही कारभार कोसळला नाही, त्याचं एक कारण साधी मोजणी देते. १८५६ पासून १८७८ च्या या युतीपर्यंत १९ सरकारं झाली. त्यांपैकी १५ चे प्रमुख कूपर, रॉबर्टसन, मार्टिन आणि पार्क्स हे चौघेच होते. उरलेले चार जण एकेकदा येऊन गेले, त्यांत एक विल्यम फॉर्स्टर, ज्यांचा जन्म आपल्या मद्रासचा. आलटून पालटून तीच माणसं तीच खाती सांभाळत. आधीच्या सरकारने अर्धवट सोडलेलं विधेयक नवं सरकार बऱ्याचदा उचलून पुढे नेई, कारण ते कोणत्याही पक्षाचं नसे.

हे यंत्र बंद पडलं ते पैशामुळे. १८८३ मध्ये अलेक्झांडर स्टुअर्ट यांच्या सरकारने जमिनीचे लिलाव रोखले, कारण जमीन अशीच विकत राहिलो तर उद्या उरणार काय, ही रास्त चिंता होती. पण त्याबरोबर तिजोरीचा मुख्य झरा आटला. मग दुष्काळाची वर्षं आली. तूट वाढली. १८८६ मध्ये पॅट्रिक जेनिंग्ज यांच्या सरकारने बहुतेक आयात मालावर पाच टक्के कर सुचवला आणि सभागृहात रात्ररात्र भांडणं झाली.

आता प्रश्न पुलाचा राहिला नाही. कर आयातीवर लावायचा म्हणजे सिडनीचा व्यापारी आणि स्वस्त माल घेणारा कामगार एका बाजूला, कारखानदार आणि सीमेवरचा शेतकरी दुसऱ्या बाजूला. "प्रत्येक प्रश्नावर माझ्या बुद्धीने ठरवीन" हे उत्तर मतदाराला पुरेना. हा माणूस आयातकराच्या बाजूने आहे की विरोधात, हे त्याला निवडणुकीआधी हवं होतं. फेब्रुवारी १८८७ च्या निवडणुकीत पार्क्स खुल्या व्यापाराचा झेंडा घेऊन उतरले आणि मोठ्या बहुमताने आले. समोर संरक्षणवादी, म्हणजे आयातकराच्या बाजूचे, होते, ज्यांचं नेतृत्व पुढे जॉर्ज डिब्स यांच्याकडे आलं. मतदारसंघांत दोन्ही बाजूंच्या संघटना उभ्या राहू लागल्या.

त्याच पार्क्स यांनी, ज्यांचं आयुष्य गटांत गेलं, १८८८ मध्ये गटांची दोन हत्यारं काढून घेतली. रेल्वे स्वतंत्र आयुक्तांकडे दिली, आणि मोठ्या सार्वजनिक कामांची छाननी संसदेच्या स्थायी समितीकडे सोपवली. "तुमच्या गावाला रेल्वे देतो, मत द्या" हा सौदा अवघड झाला. १८८९ मध्ये सदस्यांना वर्षाला ३०० पौंड वेतन सुरू झालं. तोवर आमदारकी बिनपगारी होती, म्हणजे व्यापारी, वकील आणि जमीनदार यांनाच परवडणारी.

आणि मग ज्यांना ती कधी परवडली नव्हती ते आले. १८९० च्या मोठ्या सागरी संपात कामगार हरले. त्यातून त्यांच्या संघटनांनी एक निष्कर्ष काढला: आपले लोक विधानसभेत हवेत. १८९१ च्या निवडणुकीत १४१ पैकी ३५ जागा लेबर या कामगारांच्या नव्या पक्षाने जिंकल्या. सभागृह हादरलं. पण काही महिन्यांतच या ३५ जणांत फूट पडली, आणि कशावरून, तर त्याच आयातकराच्या प्रश्नावरून. जुनी सवय नव्यांनाही लागली होती.

कामगार संघटनांना हे चालणारं नव्हतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र आणलं. पक्षाच्या कार्यक्रमाशी निगडित प्रश्नावर, आणि सरकार राहणार की जाणार अशा प्रत्येक मतदानात, लेबरचे सदस्य बहुमताने जे ठरवतील तसंच प्रत्येकाने मत द्यायचं. सरकार राहणार की जाणार! तीस वर्षं प्रत्येक मोकळ्या सदस्याची सारी किंमत त्याच एका मतात होती, आणि प्रतिज्ञापत्राने नेमकं तेच मत त्याच्या हातून काढून घेतलं. बऱ्याच विद्यमान सदस्यांनी सही करायला नकार दिला. त्यांत एक होते लिथगोच्या कोळसा खाणीतून आलेले जोसेफ कुक, लेबरच्या सदस्यांचे तेव्हाचे नेते. आपल्या मतदारांना दिलेला शब्द आणि आपली बुद्धी बैठकीच्या बहुमताकडे गहाण ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. १८९४ मध्ये ते लेबरच्या विरोधात निवडून आले आणि खुल्या व्यापाराच्या पक्षाचे नेते जॉर्ज रीड यांच्या मंत्रिमंडळात टपालमंत्री झाले.